सुमनचा सोमवार

मैत्रिणींनो, आपल्या मंडळाची फिरती वही आजच माझ्याकडे आली, आणि आजच हे घडलं.

माझी सुमन नववीत आहे, खो-खो खेळते. तिचे सर पोरींकडून बाराही महिने सराव करून घेतात, पावसाळ्यातही सुट्टी न्हाई. जिल्ह्याच्या संघात तिची निवड व्हावी म्हणून मी औंढ्याच्या नागनाथाला बोलले होते, सुमन श्रावणातले सगळे सोमवार कडक उपास करील.

आज दुसरा सोमवार. पाठलाग करता करता ती खांबापाशी चक्कर येऊन पडली.

सरांनी मला शाळेत बोलावलं. "ताई, पोरगी उपाशी पळून राहिली, काहून?"

मी नवस सांगितला.

"मंग नागनाथालाच उतरवा मैदानात. पुढच्या सोमवारी निवड आहे. जेवून आली तरच खेळवीन."

सुमन एवढंच म्हणाली, "आई, तू सांगशील तसं." तिचे ओठ अजून पांढरेच होते.

नवस मोडायची छाती होत न्हाई, आणि पाळला तर लेकराची वर्षभराची मेहनत मीच मातीत घालते. तिचे सोमवार मी निर्जळी धरले, तर देव बराबर मानून घेईल का? तुमच्यापैकी कोणी केलंय असं? सोमवारच्या आत लिहा, बायांनो.