पाण्यातून आलेला लेकीचा फोटो

फोटोकाकांनी पासष्टाव्या वर्षी गुपचूप घरात बाई आणली, ही बातमी एका सकाळीत तिन्ही मजले चढून गेली. उगम अर्थातच तळमजल्यावरची शिंपीण. तिनं म्हणे दाराबाहेरून स्वतःच्या कानांनी ऐकलं, "अगं, गालांवर जरा लाली येऊ दे. लाजतेस काय?"

बाई कसली न् काय! काका पडद्यावरच्या एका फुगीर माशाशी बोलत होते. समुद्राचं पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं, त्यामुळे खोलातले फोटो निळेहिरवे, आजाऱ्यासारखे दिसतात. काका कॉम्प्युटरवर लाल चढवायचे, निळा उतरवायचे, आणि घरात दुसरं माणूस नसल्यामुळे गप्पा माशांशीच मारायचे.

मासे धाडायची त्यांची लेक. ती दूरच्या समुद्रकाठी लोकांना बुडी मारायला शिकवते. नऊ वर्षांत घरी फिरकली नव्हती. फोन यायचा, पण कामाचा.

"बाबा, याची शेपटी नारिंगी असते हं."

"बरं."

झालं बोलणं. 'जेवलात का' हे विचारणंही दोघांच्या जिवावर यायचं.

त्या दुपारी मात्र फोटोत मासा नव्हता. लेक स्वतः होती. डोळ्यांवर काच, पायांत रबरी पंख, केस पाण्यात मोकळे. बुडी शिकवण्याच्या तिच्या केंद्राच्या दारावर लावायला फोटो संध्याकाळपर्यंत हवा होता. काकांनी दोनदा चष्मा पुसला. नऊ वर्षांनी पोरीचा चेहरा दिसणार होता, फक्त त्या निळ्या गढूळ पाण्यातून तो काढायचा होता.

त्यांची पद्धत ठरलेली. चित्रातली नक्की काळी जागा शोधायची, तिथे टिचकी मारून सॉफ्टवेअरला सांगायचं, 'हा काळा.' मग बाकीचे रंग ताळ्यावर येतात. आता लेकीच्या केसांहून काळं जगात काय असणार? शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिच्या वेण्यांवर काजळाची डबी सांडलीय. निळ्या पाण्यात केस काळेच वाटत होते. काकांनी डोळे झाकून विश्वास ठेवला आणि टिचकी मारली.

सगळं चित्र डांबरात बुडालं. चेहरासुद्धा. दुसऱ्या बटेवर मारली, पुन्हा डांबर. तासभर त्यांनी सॉफ्टवेअरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी वैतागून पायांतल्या काळ्या रबरी पंखांवर टिचकी मारली, तर चित्र मुकाट्यानं सरळ झालं. गालांवर रंग आला. आणि केस राखाडी; राखाडीलाच काळा म्हटल्यामुळे मघाशी सगळं डांबर होत होतं. कानाजवळ तर चक्क पांढरे.

काकांनी पुन्हा एकदा चष्मा पुसला. मग त्यांनी फोन लावला.

"तुझे केस पिकले?"

"तीन वर्षं झाली, बाबा."

"बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत कुठे? माशांच्या शेपट्यांतून सवड मिळेल तेव्हा ना!" मग आवाज जरा मऊ करून ती म्हणाली, "फोटोत काळे करून टाका. तुमच्या तर हातचा मळ."

काका म्हणाले, "कॉम्प्युटरवर कलप लावत नाही मी. लावायचा असेल तर घरी ये."