मंजुरीच्या ट्रेमधलं पत्र

कॉम्प्युटरवर जे आहे ते तसंच वापरायचं, हे मला कधी जमलंच नाही. त्यात काहीतरी जोडायचं, काहीतरी काढायचं, दोन बटणं इकडची तिकडे करायची. आमच्या कंपनीत सगळेच तसले. हिंजवडीच्या बसमध्ये बाकीच्या बायका सासूविषयी बोलायच्या आणि आम्ही प्लगइनविषयी. मूळ प्रोग्रामला जोडायचे छोटे छोटे तुकडे, फुकट मिळणारे, कुणीतरी कुठेतरी हौसेनं लिहिलेले. ही हौस मी ऑफिसातच ठेवली असती, तर माझ्या बाबांचं एक पत्र वेळेवर गेलं असतं. आयुष्यात त्यांनी एकदाच माफी मागितली होती, आणि ती मी अडवून ठेवली.

बाबा एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. मूळचे नागपूरकडचे. नोकरीसाठी पुण्यात आले ते इथलेच झाले. सकाळी वंदना, मग पेपर, मग आमच्या कात्रजच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद. घरात ब्रॉडबँड आलं तेव्हा मी एक डेस्कटॉप घेतला आणि त्यांना ई-मेलचा प्रोग्राम बसवून दिला. ब्राउझरमध्ये उघडायची मेल त्यांना पटली नाही. आपले कागद आपल्या कपाटात हवेत, म्हणाले. सगळी मांडामांड होईपर्यंत ते माझ्या मागे खुर्ची टाकून बसले आणि शेवटी त्यांनी विचारलं, आवक कुठली आणि जावक कुठली? मी दाखवलं. मग नंबर कुठे पडतो? नंबर पडत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की मी तासभर शोधून आल्या-गेल्या मेलला नंबर घालणारं प्लगइन काढलं. मराठी टायपिंगसाठी सोपा कीबोर्ड देत होते, तर तो नको, टाइपरायटरचाच हवा. तोही सापडला. त्या दिवशी बाबा माझ्यावर फार खूश होते आणि मी स्वतःवर त्यांच्याहून जास्त.

मग टाकीचं प्रकरण झालं. सोसायटीची नोटीस लिहिता लिहिता बाबांचं बोट भलतीकडे पडलं आणि सगळ्या सभासदांना मेल गेली: ‘कळविण्यात येते की, पाण्याच्या टाकीत सापडलेल्या’. बस, एवढंच. पुढे ‘जुन्या झाकणाबाबत’ असं येणार होतं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या इमारतीनं पिण्याचं पाणी ओतून दिलं होतं आणि वरच्या मजल्यावरचे काका हातात बॅटरी घेऊन टाकीत डोकावत होते. मी हसून हसून लोळले. बाबा मात्र दोन दिवस खाली उतरले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, कचेरीत असं कधी झालं नसतं. तिथे कारकून मसुदा करतो, साहेबांपुढे सादर करतो, साहेब मंजूर करतात आणि मगच कागद जावकेला जातो. इथे साहेबच नाही. मी गमतीनं म्हटलं, मी होते तुमची साहेब. आणि प्लगइन शोधलं. बाबांनी ‘पाठवा’ दाबलं की मेल बाहेर न जाता एका वेगळ्या फोल्डरमध्ये थांबायची. माझा पासवर्ड पडला तरच पुढे. त्या फोल्डरला मी नाव दिलं ‘मंजुरीचा ट्रे’. ट्रेमध्ये कचरा साठू नये म्हणून आणखी एक प्लगइन लावलं: तीस दिवसांहून जुनं जे काही असेल ते आपोआप उचलून ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये. किती नीटनेटकं. कप्पाळ माझं.

पहिले काही महिने छान चाललं. मी घरी आले की बाबा म्हणायचे, ‘साहेब, टेबलावर एक कागद आहे,’ आणि मी चहा पिता पिता पासवर्ड टाकायची. पण बाबांची एक रीत होती, तिच्याकडे माझं लक्ष नव्हतं. ते एकदाच सांगायचे. साहेबांना दोनदा आठवण करायची नाही, आणि साहेबांच्या टेबलावरचे कागद उलटून बघायचे नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी असंच काढलं होतं. सादर केलेल्या कागदाचं पुढे काय झालं, हे बघायला ते तो ट्रे कधी उघडत नसत.

एका रविवारी त्यांना एक मेल आली. ‘काऊन बे, जिवंत आहेस का? मुलगा टाइप करून देऊन राहिला. पोरगी काय करते तुझी?’ एवढीच. बाबांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली. ही मेल त्यांच्या मित्राची होती. दोघं एकाच गावचे. एकाच वेळी नोकरीला लागले, नारायण पेठेतल्या एका खोलीत लग्न होईपर्यंत राहिले, एकाच कचेरीत शेजारी बसले. पुण्यात बाबा सगळ्यांशी पुस्तकातल्यासारखं बोलायचे. ‘बे’ म्हणायचे ते फक्त त्यांना. मी पाच-सहा वर्षांची असताना काहीतरी झालं, ते काका बदली घेऊन नागपूरला गेले आणि मग त्यांचं नावही घरात निघेना. आई होती तोवर कधीतरी विषय काढायची. बाबा पाणी प्यायला उठायचे.

उत्तर लिहायला त्यांनी तीन आठवडे घेतले. टाइपरायटरसारखं ठकठक ऐकू यायचं, मग बराच वेळ काहीच नाही. मला तेव्हा अजिबात फुरसत नव्हती. कंपनी मला सहा आठवडे परदेशात पाठवत होती, पहिल्यांदाच. माझ्या डोक्यात थर्मल, लोणचं आणि व्हिसाचे कागद. निघायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती. मी बुटाची नाडी बांधत होते. बाबा दारापाशी येऊन म्हणाले, ‘साहेब, टेबलावर एक कागद आहे. जरा महत्त्वाचा.’

मी म्हटलं, हो बाबा, पाठवते. आणि गेले.

तिथून तो पाठवता येणारच नव्हता. प्रोग्राम घरच्या मशीनवर, ट्रे घरच्या मशीनवर. हे मला तिथे पोचल्यावर एकदा आठवलं होतं. शेजारच्या मुलाला फोनवर पासवर्ड सांगितला असता, तर दोन मिनिटांचं काम होतं. नंतर बघू म्हटलं. दर रविवारी बाबांशी फोनवर बोलायची. ते बर्फ पडतो का विचारायचे, जेवणाचं विचारायचे. कागदाचं त्यांनी विचारलं नाही, कारण ते एकदा सांगून झालं होतं. मी नसताना सोसायटीच्या नोटिसा त्यांनी हातानं लिहून बोर्डावर लावल्या.

परत आल्यावर, बॅगा अजून हॉलमध्येच होत्या, मी जाता जाता ट्रे उघडला. रिकामा. निघायच्या घाईत मीच पाठवून टाकलं असेल, अशी मी माझी समजूत घातली. तीस दिवसांचा नियम मीच केलेला, आणि तो माझ्याच डोक्यात आला नाही. बाबा मागे उभे होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी मी म्हटलं, गेलंय हो तुमचं पत्र. त्यांनी मान हलवली. त्या संध्याकाळी ते कोपऱ्यावरून जिलबी घेऊन आले. मी आल्याबद्दल आणली, असं मला वाटलं होतं.

मग ते वाट बघायला लागले. सकाळी पेपरच्या आधी मेल. कधी कधी उगीच म्हणायचे, त्याचा मुलगा कामात असेल, त्याला स्वतःला टाइप येत नाही. पावसाळा संपता संपता नागपूरहून फोन आला. काका गेले. बाबा फोन ठेवून तिथेच स्टुलावर बसले. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा ते म्हणाले, ‘निदान वाचलं तरी त्यानं.’ हे वाक्य पुढे मी किती वेळा ऐकलं. जेवताना, बसस्टॉपवर, विहारातून परत येताना. दुःख होतंच त्यांना, पण त्या वाक्याला धरून ते उभे होते.

पुढच्या वर्षी मशीन बदललं. रविवारची दुपार, बाबा आत आडवे झाले होते. जुन्यावरची मेल नव्यावर नेताना मी एकेक फोल्डर उघडून बघत होते. ‘जुने’ उघडलं. त्यात एकच पत्र.

‘विषय: शाळेच्या रांगेबाबत. संदर्भ: तुझी दोन ओळींची मेल.’ सुरुवात अशी कचेरीतली, आणि दोन वाक्यांनंतर सगळं मोडून पडलं होतं. मला शाळेत घालायच्या दिवशी बाबांना साहेबांनी सोडलं नव्हतं. मग ते काका कुणाला न सांगता कचेरीतून निघाले आणि माझ्या प्रवेशाच्या फॉर्मसाठी दुपारपर्यंत उन्हात रांगेत उभे राहिले. नेमकी त्याच दिवशी त्यांच्या टेबलावरून एक फाइल गहाळ झाली. चौकशी बसली. बाबांना विचारलं, हे त्या वेळी जागेवर होते का? बाबा म्हणाले, नव्हते. खरंच होतं ते. कुठे होते, हे मात्र बाबांनी सांगितलं नाही, कारण मग ते कुणाच्या कामाला गेले हेही आलं असतं. काकांची बढती गेली. आणि चौकशीत त्यांनी स्वतःही माझ्या शाळेचा उल्लेख केला नाही.

‘तू कुठे होतास हे मला माहीत होतं,’ बाबांनी लिहिलं होतं. ‘मी निम्मं खरं बोललो. तू विचारतोस पोरगी काय करते. तुझ्या रांगेमुळे ती इंजिनियर झाली. मला माफ कर बे.’

काळजात चर्र झालं, असं आपण सहज म्हणतो. मला नुसती लाज वाटली, पायाच्या बोटापर्यंत. शिकून शहाणी होऊन मी कुणाचं काय अडवून ठेवलं होतं? पत्र पाठवून द्यावं, असं एक क्षण मनात आलं. पाठवायचं कुणाला, मेले?

तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला. नवीन मशीनवर जायच्या आधी नागपूरच्या त्या पत्राची जावक नंबरासकट छापील प्रत काढून ठेव, त्याची फाइल पूर्ण करायची आहे.

मी सांगायला हवं होतं. आत जाऊन, त्यांच्या पलंगावर बसून, बाबा, ते गेलंच नाही, माझ्यामुळे गेलं नाही. पण निदान वाचलं तरी त्यानं, हे त्यांचं वाक्य मी कसं काढून घेणार होते? आणि खरं सांगायचं तर, मला माझीही कातडी वाचवायची होती. मेलच्या माथ्यावरची तारीख बदलता येईल असं एक प्लगइन माझ्याकडे होतंच. माझ्याकडे काय नव्हतं? मंजुरीनंतर जावकेला दोन दिवस लागतात, हे बाबांचंच गणित. पत्र लिहिल्याच्या तारखेत मी दोन दिवस मिळवले, नंबर हातानं टाकला, पत्र ‘जावक’मध्ये ठेवलं आणि छापून काढलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

बाबांनी चष्मा लावला. आधी नंबर बघितला, मग तारीख. तारखेवर त्यांनी बोट ठेवलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, तेच मला सोसलं नाही.

‘या तारखेला साहेब परदेशी होते ना?’

त्यांनी कागदाला पंचनं भोकं पाडली, फाइलमध्ये लावला, नाडी बांधली. ‘असू दे,’ म्हणाले, आणि फाइल कपाटात ठेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मंजुरीचा ट्रे काढून टाकायला सांगितलं. त्यांना आता सवय झाली आहे, म्हणाले. त्यानंतर ते स्वतःच लिहायचे आणि स्वतःच पाठवायचे. सोसायटीच्या नोटिसा कधी कधी अर्ध्याच जायच्या; लोक फोन करून पुढचं विचारायचे आणि बाबा शांतपणे सांगायचे. ‘निदान वाचलं तरी त्यानं’ हे मात्र ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत. आणि मला साहेब म्हणाले नाहीत.

त्यानंतर बाबा आणखी सात वर्षं होते. सात वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो, त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. त्या दुपारी मी खरं सांगितलं असतं, तर त्यांच्या मित्रासाठी आम्ही दोघं एकत्र बसून रडलो तरी असतो. ते त्यांना एकट्याला करावं लागलं.