अण्णाचं ‘करीबू’

फोन आला तेव्हा मी डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत होते. सर्दी काही केल्या हटत नव्हती आणि रविवारी मला नांदेडहून लातूरला जायचं होतं, अण्णाकडे. नाक वाहत असताना त्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा नियम माझाच होता. त्यामुळे ओवा, हळदीचं दूध, वाफ, जे कुणी सांगेल ते चाललं होतं. फोनवर वहिनी होती. “ताई, हे गेले वो,” एवढंच म्हणाली. त्यावर मी काय बोलले असेन? “अगं, पण आज तर गुरुवार आहे...” असं म्हणाले. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला त्या क्षणी तेवढंच सुचलं.

अण्णा माझा थोरला भाऊ. लातूरच्या डाळमिलवाल्यांना तूर पारखून देणं हे त्याचं काम. स्वतःची मिल नव्हती, दुकान नव्हतं. होते ते फक्त दात आणि कान. पोत्यातली मूठभर तूर तळहातावर घ्यायची, फुंकर मारायची आणि एक दाणा दाढेखाली धरायचा. ‘कट्’ असा आवाज आला की माल वाळलेला, दाणा नुसताच दबला की ओला. पुढे ओलावा मोजायची मशिनं आली, तरी मिलवाले म्हणायचे, “मशीन बी लावू, पर आधी अण्णाला चावू द्या.” आम्हा दोघांचे स्वभाव एकाच घरातले वाटणार नाहीत इतके वेगळे. मी शाळेत पोरांना हातभर अंतर ठेवून रांगेत उभं करणारी, आणि अण्णाला समोरच्याच्या मांडीला मांडी लावून बसल्याशिवाय बोलताच यायचं नाही. बाजारात अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकून तो त्याच्या घरचं सगळं विचारून घ्यायचा.

अशा माणसाला तीन वर्षांपूर्वी रक्ताचा कॅन्सर निघाला. बरा होणारा नव्हता, गोळ्या-इंजेक्शनांनी दाबून ठेवता येईल असा होता. हैदराबादच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं की गर्दी नको, कच्चं काही तोंडात नको, सर्दी-खोकल्याचं माणूस जवळ नको. वहिनी रडत बसली, मी कामाला लागले. अण्णाच्या खोलीच्या दारात एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि ती कुणी पुढे सरकवू नये म्हणून तिच्या चारही पायांभोवती फरशीवर लाल रंगानं गोल काढले. भेटायला येईल त्यानं तिथंच बसायचं, तोंडाला मास्क लावायचा, पाच मिनिटांत उठायचं. “सुमे, ही तुझी शाळा न्हाई,” अण्णा पलंगावरून ओरडला. “आजपासून शाळाच आहे,” मी म्हणाले. मला वाटायचं, लोकांना लांब ठेवलं की मरणही लांब राहील.

गेल्या वर्षी एका मिलवाल्यानं त्याला विचारलं. टांझानियातून तूर यायची होती आणि तिथं जाऊन, गोदामात माल बघून पसंत करायचा होता. दहा दिवसांचं काम. अण्णा तोवर हैदराबादच्या पलीकडे गेलेला नव्हता. घरात सगळ्यात मोठ्यानं ‘नाही’ म्हणणारी मीच होते. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, “दोन वरसं झाली, मी नुस्ता आजारी म्हणून जगून राहिलो. दहा दिवस कामाचा माणूस म्हणून जगू दे की.” मीच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी कुरकुरत परवानगी दिली. प्रवासाची एक लस त्याला चालणारी नव्हती, तिच्याऐवजी चिठ्ठी दिली. वहिनीच्या गुडघ्यांमुळे सोबत मी निघाले, औषधांची एक पिशवी आणि कडक भाकरी-शेंगाचटणीची दुसरी घेऊन. माझी अट एकच होती : दाणा तोंडात घालायचा नाही. “मग काय डोळ्यानं चावू?” “मी चावते. तू ऐक.”

समुद्रकाठचं ते गोदाम आपल्या मार्केट यार्डासारखंच होतं. तोच पोत्यांचा वास, तीच धूळ. मालक तिथंच जन्मलेले गुजराती, हिंदी बोलणारे. तूर निवडणाऱ्या बायकांवर झुहुरा नावाची एक धिप्पाड, हसरी मुकादमीण होती. सगळे तिला मामा म्हणत, कारण तिकडे मामा म्हणजे आई. “बाई असून मामा!” अण्णाला हसू आवरेना. पुढं कळलं की तिकडे काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. झालं, झुहुरामामानं त्याला काका केलं, मला दादा केलं, आणि अण्णानं तेव्हापासून मला सुमे म्हणणं सोडून ‘दादा’च धरलं. दवेला ते लोक दवाच म्हणतात, दुकानाला दुका. “आपलंच हाय की सगळं,” असं म्हणत तो हिंडला.

पहिल्याच दिवशी झुहुरामामा दारात येऊन म्हणाली, “करीबू!” आमच्या मराठवाड्यात करीब म्हणजे जवळ, हे पोरालाही ठाऊक. अण्णा चार पावलं पुढे गेला. तिनं हसून पुन्हा “करीबू, करीबू” म्हटलं, तसा तो आणखी पुढे गेला आणि थेट त्या बायकांच्या घोळक्यात, तुरीच्या ढिगाशी मांडी घालून बसला. मी मागून मास्क हलवत ओरडतेय, “अण्णा, लांब! लांब!” मालक हसत म्हणाले की करीबू म्हणजे ‘या, बसा’, स्वागताचा शब्द आहे तो. मग म्हणाले, “वैसे, उसका मतलब नज़दीक भी होता है.” अण्णानं माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. “ऐकलं का, सुमे? मला शिकवून राहिली!”

मग चावण्याची परीक्षा. मी दोन हात लांब उभी राहून मास्क खाली केला, दाणा दाढेखाली धरला आणि चावला. गोदामातल्या कालव्यात त्याला काही ऐकू गेलं नाही. पुन्हा चावला, पुन्हा तेच. शेवटी त्यानं बोटानं खुणावलं, “दादा, करीबू.” गेले... आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा कान माझ्या गालाला टेकला. खोबरेल तेलाचा तोच लहानपणचा वास. तिसऱ्या ढिगाला मी म्हणाले, कोरडा. तो म्हणाला, “ओला हाय, परत चाव.” मालकांनी मशीन लावलं तर अण्णाच बरोबर निघाला. झुहुरामामानं टाळ्या पिटल्या. त्या दिवशीइतकं ताठ बसलेलं मी त्याला आजारपणात कधी पाहिलं नाही.

सगळं गोड होतं असं मात्र नाही. दुपार झाली की त्याचे पाय सुजायचे, तो पोत्यांवरच आडवा व्हायचा. सातव्या दिवशी ताप भरला. मी स्वतःला, मिलवाल्याला आणि सगळ्या तुरीला शिव्या घातल्या. तो डोळे मिटून म्हणाला, “उतरंल गं. आन न्हाई उतरला तरी बी... सात दिवसांत मला कुणी ‘कसं वाटतंय’ इचारलं न्हाई. माल कसा हाय, एवढंच इचारलं.” संध्याकाळी ताप उतरला. झुहुरामामानं खोबऱ्याच्या दुधात शिजवलेली तूर आणली होती, ती त्यानं वाटी निपटून खाल्ली.

परत आल्यावर काही महिने बरे गेले. मग गोळ्या लागू पडेनाशा झाल्या. शेवटचं भेटायला गेले त्या रविवारी माझं नाक चोंदलेलं होतं. वहिनीनं मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, “ताई, डॉक्टर म्हणालेत, आता कशाचंच बंधन ठेवू नका.” मी ऐकलं. ऐकून बाहेर आले आणि लाल खुणांमधल्या खुर्चीतच बसले. पलंगावरून अण्णानं बोट हलवलं. आवाज अगदी बारीक झाला होता. “दादा... करीबू.”

“सर्दी झालीय मला,” मी म्हणाले. “बरी होऊन येते पुढच्या रविवारी.”

“हाव,” तो हसला. “नियम म्हंजे नियम.”

मी उठले असते तर तो जाणार हे कबूल केल्यासारखं झालं असतं. ते मला करायचं नव्हतं. एवढंच कारण होतं, सर्दी नव्हती. लोक म्हणतात, तुम्ही भावासाठी किती केलं. केलंच, पण त्यानं शेवटी मागितलं ते चार पावलांचं होतं आणि ते मी दिलं नाही.

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं न ठेवता बसवून नेतात. अण्णाला भिंतीशी बसवलं होतं, गळ्यात हार, कपाळाला विभूती. मार्केटातले हमाल, मिलवाले, शेजारीपाजारी, सगळे त्याच्या अगदी जवळ जाऊन पाया पडत होते आणि त्यांना अडवायचं मला काही काम उरलं नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. तेवढ्यात शिंक आली आणि मी सवयीनं तोंड फिरवलं. मग मात्र मला रडू आवरलं नाही.

परवा लातूरला गेले होते. खुर्ची अजून दारातच आहे. भेटायला येणारे अजून तिच्यातच बसतात, रिकाम्या पलंगापासून तेवढ्याच अंतरावर, आणि पाच मिनिटांत उठतात. वहिनी रॉकेलचा बोळा घेऊन लाल खुणा पुसायला बसली होती. मी तिला थांबवलं नाही. खुर्ची उचलली आणि पलंगाला चिकटवून ठेवली. खिडकीत त्याची नमुन्याची वाटी तशीच होती, थोड्या तुरीसकट. एक दाणा दाढेखाली धरला, उशीकडे वाकले आणि चावला. कोरडा होता की ओला, ते मला एकटीला कळलं नाही.