चष्मा, नग एक

नाव: सांबशिवराव. वय: एकावन्न. राहणार: दक्षिण वीथी, तंजावूर. धंदा: चष्मे बसविणे. मातृभाषा: मराठी (वाचता येत नाही). दृष्टी: निर्दोष, स्वतः चष्मा वापरीत नाहीत. पुतळ्याच्या कामातील सहभाग: चष्मा, नग एक. सदर कांस्यपुतळा सर्वांगाने मान्यताप्राप्त छायाचित्राबरहुकूम असल्याचे प्रमाणित करण्यात येते.

हा मजकूर १९९४ सालच्या एका सरकारी कागदावर आहे. कागदाला माहिती थोडी कमी आहे, इतकंच.

सांबशिवरावांच्या दुकानात गिऱ्हाईक बसलं की ते आधी नाक बघतात. "डोळे डॉक्टरांकडे. माझं खातं नाकाचं," असं त्यांचं म्हणणं. सव्वीस वर्षांत त्यांनी बसवलेला चष्मा कुणाच्या नाकावरून घसरलेला नाही. शेजारी एस.टी.डी. बूथ आलं, समोर परदेशी फ्रेमांचं काचेचं दुकान आलं. तिथली गिऱ्हाइकं आठवड्याभरात चष्मा घट्ट करून घ्यायला रावांकडेच येतात. मुलगी बघायला गेले तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते, "नाक बरं आहे." त्यांच्या पत्नी सुंदरी हे आजही आल्यागेल्याला सांगतात.

एका बुधवारी पापनाशमचे निवृत्त पोस्टमन सुब्रमण्यम दुकानात आले.

"राव सार, स्वामीमलैला चला. बाबासाहेबांचा चष्मा घसरतोय."

पापनाशमजवळच्या त्यांच्या गावात, त्यांच्या वस्तीत, आंबेडकरांचा पुतळा बसायचा होता. परवानगीसाठी चार वर्षं गेली होती, आणि पुतळा मंजूर फोटोसारखाच हवा ही अट होती.

"मीच कशाला?"

"चष्मेवाले तुम्ही. शिवाय ते तुमच्याच ऊरचे, तुमच्या गावचे."

रावांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं. स्वतः राव उत्तरेला तिरुपतीपर्यंत गेले होते, तेही मुंडण करायला. पण एवढं सगळं समजावण्यापेक्षा बस पकडणं सोपं होतं.

स्वामीमलैच्या मूर्ती ओतण्याच्या कारखान्यात फळीवर पुतळ्याचं मेणाचं डोकं ठेवलेलं. राव बघत राहिले. डोळे माशासारखे लांब, कानाच्या पाळ्या खांद्याकडे निघालेल्या, नाक तिळाच्या फुलासारखं सरळ. चष्मा लावलेला विष्णू. तिथल्या स्थपतींनी, मुख्य मूर्तिकारांनी, चाळीस वर्षं देवच घडवले होते. नारळाच्या पातीला घड्या घालून माप घ्यायचं, आणि माप शास्त्राचं. हात आपोआप तिकडेच गेला होता.

"आजवर एकाही देवाची चष्म्याची तक्रार आली नाही," स्थपती म्हणाले.

"आम्हाला देव नकोत," सुब्रमण्यम म्हणाले. "ते कधी आमच्या वस्तीत आले नाहीत, आणि आम्हाला कुणी त्यांच्याकडे जाऊ दिलं नाही. हे वाचणारे गृहस्थ होते. खाली उभं राहून बघणाऱ्या पोरीला वाटलं पाहिजे, हा माणूस वाचून मोठा झाला."

"शुक्रवारी मेणावर माती चढणार," स्थपती म्हणाले. "मग बदल नाही. चष्मा डाख देऊन चिकटवतो, घसरणार नाही."

"डाख?" राव दुखावले. "मी बसवलेला चष्मा? डोळे आणि कान फोटो बघून करा. भांडण नाकाचं आहे, आणि नाक फोटोत चष्म्याखाली झाकलंय. चष्मा काढलेला फोटो आहे कुणाकडे?"

कुणाकडेच नव्हता. रावांनी सुब्रमण्यमांचा चष्मा काढला. नाकाच्या दोन्ही बाजूंना तांबूस खळगे होते. चाळिशीत हा माणूस टपाल वाटून झालं की झाडाखाली बसून शाळेच्या परीक्षेचा अभ्यास करायचा, तेव्हापासूनचे.

"वाचणाऱ्याचं नाक हे असं," राव म्हणाले. "इथे चष्मा राहतो."

स्थपतींनी नारळाची पात पोस्टमनांच्या नाकाला लावली.

"हलू नका सार. देव हलत नाहीत."

"देवांना शिंक येत नाही," सुब्रमण्यम नाकातून बोलले. मग काकुळतीला आले. "राव सार, हे बरं नव्हे. त्यांना माझं नाक? गाव जन्मभर हसेल."

"कळणार कसं?" राव म्हणाले. "कागदावर लिहा, फोटोबरहुकूम."

पातीला तीन घड्या पडल्या. डोळे आखूड झाले, कान जागेवर आले, नाकाला दोन खळगे पडले. रावांनी दुकानातली गोल फ्रेम मेणावर ठेवली आणि फळी पुढे कलती केली. फ्रेम हलली नाही. पुढे त्याच मापाचा कांस्याचा चष्मा झाला.

अनावरणाला राव मागच्या रांगेत बसले. एक वक्ते म्हणाले, "ती नजर पाहा!" राव नाक बघत होते. खूश होते.

सुब्रमण्यमांच्या पत्नी अंबा पुतळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग नवऱ्याकडे वळल्या, पुन्हा वर पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"आता चारचौघांत चष्मा काढत जाऊ नका," त्या हळूच म्हणाल्या.

पुतळा अजून तिथेच आहे. चष्मा घसरलेला नाही. नाक सुब्रमण्यमांचं आहे.