पन्ना उकळणारे काका

"पहिले धू, मग बोल."

दुकानात कोणी बोटातली अंगठी काढून काउंटरवर ठेवली की काकांचं हे वाक्य ठरलेलं. मग ते झोळीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढायचे, शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी मागवायचे, त्यात अंगठी सोडायचे, चमचाभर धुण्याचा सोडा टाकायचे आणि वरून अर्धं लिंबू पिळायचे. पाणी फसफसून वर आलं की गिऱ्हाइकाकडे पाहून म्हणायचे, "बघा, ग्रहाचा मळ निघतोय." सोड्यावर लिंबू पिळलं की फेस येणारच, आत अंगठी असो नाहीतर खिळा. हे काकांना कळत नव्हतं की कळून वळत नव्हतं, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही बाजारात असेल. त्याचं स्वतःचं दुकान नसतं, पण तो रोज कोणाच्या तरी दुकानात बसलेला असतो, आणि नवा माणूस त्यालाच मालक समजतो. आमचे काका ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झालेले. "रंग मला नको शिकवू, भिया. चाळीस वर्षं रंगच शिकवलेत," असं मला दिवसातून दोनदा ऐकवायचे; भिया म्हणजे इकडचा भाऊ. नाव लिहीत नाही, धारला त्यांची मुलगी आहे, तिला वाईट वाटेल.

माझं दुकान देवासला, टेकडीखालच्या बाजारात. आम्ही सोन्यात खडे बसवणारे. पणजोबा संस्थानच्या चाकरीत इकडे आले तेव्हापासून घरात हेच काम. काका माझ्या वडिलांचे मित्र, त्यामुळे वडील गेले तरी बाकावरची काकांची जागा कायम राहिली. शिवाय ते गिऱ्हाइकं आणत, हेही कबूल करतो. नाहीतर पहिल्याच आठवड्यात पेल्यासकट बाहेर काढलं असतं.

खडा निवडण्याची त्यांची रीत ऐका. मे महिन्यातला जन्म असेल तर इंग्रजी पद्धतीने पन्ना. मिथुन किंवा कन्या रास असेल तर बुधाचा पन्ना. दोन्ही नसेल तर "मुलाचं अभ्यासात मन लागत नाही ना? मग पन्नाच." एकदा ऑगस्टमध्ये जन्मलेल्या एका बाईंना मी पेरिडॉट दाखवत होतो. तोही हिरवा, पण जरा पिवळसर झाक असलेला, कोवळ्या पानासारखा. ऑगस्टचा खडा म्हणून लोक तोच घेतात आणि तो सुंदर दिसतो. काकांनी तो चिमटीत धरला आणि परत टाकला. "हा गरिबाचा पन्ना." बाई उठून गेल्या.

एकदा त्यांनी एकीचा मोती उकळला. मोत्याची सगळी चमक गेली, खडूचा तुकडा दिसायला लागला. ती बिचारी रडकुंडीला आली. काका शांतपणे म्हणाले, "तुमचा चंद्र कमजोर होता, आता निघून गेला. बरं झालं." आणि तिने त्यांना नमस्कार केला! मला काकांपेक्षा त्या नमस्काराचाच जास्त राग आला.

पन्न्याबद्दल दोन गोष्टी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मराठीत आपण त्याला पाचू म्हणतो, इकडे सगळे पन्ना म्हणतात. खऱ्या पन्न्याच्या आत बारीक रेषा असतात, भेगा असतात. आम्ही त्याला जाळं म्हणतो. कुठेच जाळं नाही, रंग गडद आणि वर स्वस्त, असा खडा दिसला तर बहुतेक वेळा काच असते. भिंगातून पाहा, काचेत गोल बुडबुडे दिसतात. जाळं दबावं म्हणून कारागीर भेगांत तेल मुरवतात. ही फसवणूक नाही, जगभर चालतं, फक्त विकणाऱ्याने सांगायला हवं. पण असा खडा उकळत्या पाण्यात आणि सोड्यात घातला की तेल निघून जातं, मग आतल्या भेगा पांढऱ्या दिसायला लागतात आणि खडा फिका पडतो. खडा तोच असतो, फक्त उघडा पडलेला असतो.

जवळच्या टोंकखुर्द गावची एक मुलगी तिच्या होणाऱ्या सासूबाईंबरोबर आली. जन्म मे महिन्यातला. आईची जुनी अंगठी तिने आणली होती, त्यातला पन्ना काढून साखरपुड्याच्या अंगठीत बसवायचा होता. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. वडील आयुष्यभर ट्रक चालवायचे, जयपूरच्या एका खेपेत त्यांनी हा खडा बायकोसाठी घेतला होता. "सगळे त्यांना हसायचे, दादा," ती म्हणाली, "के ड्रायव्हरला जयपूरवाला खरा पन्ना देईल का? बाबा म्हणायचे, माझी बायको आहे, तिला काच कशी घालू?"

मी भिंगाखाली धरला. आत छान जाळं होतं. खरा होता. मी तिला तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की पन्ना ठिसूळ असतो, तेव्हा खडा धरणाऱ्या उंच काट्यांत नको, चारी बाजूंनी सोन्याची कड घालू. ती इतकी खूश झाली की वडिलांना फोन लावायला लगेच दुकानाबाहेर पायरीवर गेली. मी कड मोजायचं माप आणायला आत गेलो.

बाहेर आलो तर पेला फसफसत होता.

"काका, पन्ना आहे तो!" मी ओरडलो. काकांनी चमच्याने अंगठी बाहेर काढली, पुसली, उजेडात धरली. खडा फिका झालेला, आत पांढरी जाळी. ते सासूबाईंकडे वळून म्हणाले, "काच. बाटलीचा तुकडा. ड्रायव्हरला बनवलं कोणीतरी."

मी म्हणालो, काच नाही, तेल गेलंय. सासूबाईंनी मान वर केली. "तेल? म्हणजे आधीपासूनच काहीतरी लावलेलं होतं?" आता यावर काय सांगायचं? खरं सांगायला गेलो की तेच लबाडीसारखं ऐकू येत होतं. काका वडीलधारे, पांढरे स्वच्छ कपडे, आणि माझी बोटं पॉलिशने काळी. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

'काच' एवढंच ऐकत मुलगी आत आली आणि न लागलेला फोन तिने पर्समध्ये ठेवला. "दुसरा कुठलाही हिरवा बसवा, दादा. हा राहू दे तुमच्याकडेच." मी पेरिडॉट बसवून दिला. आठ दिवसांनी अंगठी जरा सैल करून घ्यायला ती एकटीच आली. मी विचारलं, वडिलांना सांगितलं का? म्हणाली, "सांगावंच लागलं. रंग वेगळा दिसला ना.  त्यांनी फक्त विचारलं, तुझ्या आईला माहीत होतं का?"

त्या दिवशी मी तो खडा काढून बसलो. आधी स्वच्छ केला, मग कोमट देवदाराच्या तेलात ठेवून दिला. चौथ्या दिवशी हिरवागार झाला. काका आल्याबरोबर त्यांच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, बघा तुमची काच.

त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "तेल लावून तर कोणीही चमकेल."

माझा तोल सुटला. जे वीस वर्षं पोटात होतं ते सगळं बोललो. तुम्ही आयुष्यभर लोकांच्या वस्तू उकडल्यात, तुम्हाला खड्यातलं ओ की ठो कळत नाही, एका माणसाला त्याच्या मेलेल्या बायकोसमोर खोटं पाडलंत. बाजारातली चार माणसं ऐकत होती. काकांनी रुमाल काढला, खडा त्यात बांधला. "मी बोललो ना? मीच निस्तरतो. पत्ता दे." मी पत्ता दिला. ते पेला झोळीत न ठेवताच गेले.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. पुढे कळलं, त्यांच्या मुलीने त्यांना धारला नेलं. दिवाळीनंतर काका तिकडेच वारल्याची बातमी आली. चौदाव्याला जाऊन आलो. त्यांच्या मुलीला हळूच विचारलं, काकांकडे एक खडा होता का? तिला काहीच माहीत नव्हतं. मला काय ते कळलं. चूक कबूल करायची लाज वाटली असणार, कुठेतरी विकून मोकळे झाले असणार. हे मी बाजारात चारचौघांना सांगितलंही, आणि सांगताना मला चांगलंच वाटलं.

पण खडा माझ्या दुकानातून गेला होता. कोणीतरी त्या माणसाला खरं सांगायला हवं होतं. एका रविवारी टोंकखुर्दला गेलो. दार वडिलांनीच उघडलं. बारीक अंगाचा, ताठ मानेचा म्हातारा. मी देवासचा, अमुक दुकानाचा, एवढं सांगितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अच्छा. तो तुम्ही."

आत बायकोचा फोटो होता, आणि फोटोपुढे छोट्या डबीत कापसावर तो पन्ना.

"तुमचे मास्तरसाहेब आले होते, भर उन्हात, बसने. म्हणाले, खडा अस्सल जयपुरी आहे, तुम्ही बिल्कुल खरं बोलत होतात. म्हणाले, आमच्या सोनाराने नासवला होता. काम नीट येत नाही त्याला, उकळत्या पाण्यात घातला. मीच मग तेल मुरवून नीट केला."

माझे कान तापले. तीस वर्षं हे काम करतोय मी. मेल्यावरसुद्धा या माणसाने मला सोडलं नाही.

"आणि जाताना," ते म्हणाले, "माझ्या पाया पडले. मी नको नको म्हणत होतो. एवढे शिकलेले, वयाने मोठे. पाय सोडेचनात. त्यांची काय चूक होती, सांगा?"

 माझ्या तोंडात सगळं तयार होतं, पेला, सोडा, लिंबू, सगळं. म्हातारा मुलीला हाक मारून सांगत होता की चहा टाक, ते देवासवाले आलेत, पण त्यांना काही बोलू नकोस.

मग माझ्याकडे वळून त्यांनी हलक्या आवाजात, पोराला समजावतात तसं समजावलं, "भिया, पन्ना गरम पाण्यात नी घालते. इतकं तर माहीत पाहिजे तुम्हाला."

"चुकलं माझं," मी म्हणालो. "पुन्हा नाही घालणार."