घासलेली रबरं
काल फुलंब्री नाक्यावर एका ट्रकनं करकचून ब्रेक लावले, जळक्या रबराचा वास आला आणि मी मनानं थेट कित्येक वर्षं मागं, चौक्याच्या घाटात पोहोचलो. तेव्हा मी वाळूजच्या कारखान्यात कामाला होतो आणि फुलंब्री ते शहर अशा सायकल शर्यतीत नाव दिलं होतं. सायकली रोजच्याच, काळ्या आणि जड. म्हणून वजन कमी करायला सगळ्यांनी मडगार्ड, घंटी, ब्रेकसुद्धा काढले होते. माझा सायकलवाला मिस्त्री मात्र अडून बसला. “बाकी सब निकालता, ब्रेक नहीं. माझ्या हातची सायकल हाय ती.” मला लई राग आला होता. घाटाच्या उताराला शेळ्या आडव्या आल्या आणि पुढचे तिघं एकमेकांवर आदळले. मी दोन्ही ब्रेक आवळले. सायकल थांबली ती पडलेल्या एकाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. मागून बिनब्रेकचे येतच होते, म्हणून तिघांनाही आधी कडेला ओढलं. “तू जा, माझं राहू दे,” ज्याच्या डोक्याजवळ मी थांबलो होतो तो म्हणत होता. मी अकरावा आलो. मिस्त्रीनं नंबर विचारलाच नाही. पुढच्या चाकाच्या ब्रेकच्या घासलेल्या रबरांवरून बोट फिरवलं, ती काढली आणि दुकानात तारेला टांगली. नंतर कुणी ब्रेक काढायला आलं की तो नुसतं तिकडं बोट दाखवायचा. पुढं दुकान कायमचं बंद करताना त्यानं ती माझ्या हातात दिली. माझ्या शोकेसमध्ये कप नाही, मेडल नाही. ती दोन घासलेली रबरं आहेत, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी ती दाखवतोच.