सकाळचा ट्रॅक्टरवाल्याचा व्हिडिओ पुढं पाठवू नका

मंडळी, हात जोडते. सकाळी मी टाकलेला तो व्हिडिओ ज्यांच्याकडं असेल, त्यांनी आधी काढून टाका. दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

झालं असं. ढोकीच्या रस्त्यावर, ऐन वळणावर उसाचा ट्रॅक्टर आडवा उभा होता. मला शाळेत शिकवायला जायला उशीर होत होता. मी हॉर्नवर हॉर्न दिले, तर ड्रायव्हरनं नुसता हात दाखवला. गुटख्यानं लाल झालेलं तोंड, गालावर भाजल्याचा मोठा डाग. मी व्हिडिओ काढला, "बघा मुजोरी, तोंडावरच लिहिलीय!" असं लिहून टाकला आणि स्कूटी वळवून दुसऱ्या वाटेनं गेले.

दुपारी परत येताना त्याच वळणावर एक मेंढपाळ मावशी बसल्या होत्या. मांडीवर कोकरू.

"सकाळी भर रस्त्यातच मेंढी व्यायला लागली," त्या म्हणाल्या. "गाड्या थांबंनात. मग एका ट्रॅक्टरवाल्या दादानं ट्रॅक्टर आडवा घातला. मेंढी बुजू नये म्हणून ट्रॅक्टरवर मोठ्यानं वाजणारं गाणं बी बंद केलं. लई भला माणूस."

मी घरी येऊन व्हिडिओ पुन्हा पाहिला. खरंच, गाणं नाही. आणि तो हात? "जरा थांबा ताई," एवढंच म्हणतोय.

माझी पोस्ट मी काढली. पण व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. त्या डागाला हसणाऱ्यांत माझ्याच वर्गातल्या मुलांचे आईवडील आहेत.

उद्या त्या मुलांसमोर कोणत्या तोंडानं उभी राहू?